मुंबई ते मस्कत, पावणेतीन तास

आमच्या घरात एक गणित सगळ्यांना पाठ होतं. मुंबई ते मस्कत, हवाई अंतर सोळाशे किलोमीटरच्या आत, विमानाला लागणारा वेळ पावणेतीन तास. एक महाराष्ट्राची राजधानी, एक ओमानची. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे घरात कुठलंही दुःख आलं की आधी त्याचं गणित व्हायचं. आई नर्स म्हणून मस्कतला गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिसऱ्या दिवशीही मी जेवेना, तेव्हा त्यांनी शाळेतला नकाशा घरी आणला, भिंतीला टेकवला, दोऱ्याचं एक टोक मला मुंबईवर धरायला लावलं आणि दुसरं स्वतः मस्कतवर नेलं. दोरा माझ्या वितीहून लहान भरला. "बघ, एवढीच लांब आहे ती," म्हणाले. मी जेवले. लहान पोरांना फसवणं फार सोपं असतं. त्या दिवशी भात आणि वांग्याची भाजी होती, हे सुद्धा मला आठवतं.

गावानंही ते गणित उचललं. आमचं गाव नगरहून शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. चर्चच्या मागं आमची ख्रिस्ती आळी, पुढं शेतकऱ्यांची घरं, आणि दोन्हीकडं एकच वाक्य फिरायचं, "गुरुजींच्या बाई मस्कतला हायेत, पावनेतीन तासावर." नागपूरला दिलेल्या पोरीपेक्षा जवळ, असंही वर म्हणायचे, कारण नागपूरला एसटीनं जायचं तर कंबरडं मोडतं. पप्पा आणखी पुढं जायचे. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे मुंबईहून दहाला निघालेलं विमान तिथल्या सव्वाअकराला उतरतं. "सव्वा तासात पोचली की नाही तुझी आई?" असं हसत विचारायचे. मी एकदा वहीत उलटं गणित करून बघितलं. येताना सव्वाचार तास होतात. त्यांना दाखवलं तर अगदी बरोबर म्हणून पाठ थोपटली. जायला सव्वा आणि यायला सव्वाचार, यात पाठ थोपटण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

विमान पावणेतीन तास उडतं हे खरंच आहे. पण त्या विमानात बसायला आईला दोन वर्षं लागायची. तिचा करारच तसा होता. दोन वर्षं पुरी झाली की चाळीस दिवस रजा, आणि तोवर पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कपाटात, किल्ली मॅट्रनकडं, म्हणजे मोठ्या नर्सबाईंकडं. त्या चाळीसातले पहिले दहा दिवस ती घरात पाहुणीसारखी वावरायची, डबे कुठं ठेवलेत ते मला विचारायची. शेवटचे दहा दिवस बॅगा भरण्यात जायचे. मधले वीस दिवस माझे. मला पाळी आली तेव्हा काय करायचं ते आमच्याकडंच राहणाऱ्या आत्यानं सांगितलं, आणि आईला ते शुक्रवारी कळलं, कारण तिची सुट्टी शुक्रवारी असायची आणि फोन त्याच दिवशी यायचा. तिनं फोनवर सगळं नीट, नर्ससारखं समजावलं. मी 'हो, हो' म्हणत राहिले. शेजारी पप्पा बसले होते.

मला राग यायचा. कोणाचा, ते ठरवता यायचं नाही. आई गेली नसती तर आमच्या पत्र्याच्या घराचा स्लॅब झाला नसता, मी बारावी सायन्सला गेले नसते, हे मला दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवायचं. आपल्याकडं बाई परदेशात कमावते म्हणून तिचं कौतुकही करतात आणि तिच्या पोरीला "बिनआईची" म्हणून हळहळतातही, एकाच दमात. दोन्ही ऐकून घ्यायला मी होतेच.

मी बारावीला होते. बुधवारची सकाळ. पप्पा अंघोळीला पाणी काढायला हौदाशी गेले आणि तिथंच बसले. बसले म्हणजे पडले. मी आणि आत्यानं हाका मारल्या, शेजाऱ्यांनी जीप काढली, पण दवाखान्याच्या आत न्यायची गरजच राहिली नव्हती. डॉक्टरांनी जीपमध्येच वाकून बघितलं आणि मान हलवली. आठ वाजून गेले होते. नऊच्या सुमाराला आम्ही त्यांना घरी आणलं.

आता आईला कळवायचं होतं. इथं मोठे काका पुढं झाले. पप्पांचे थोरले भाऊ, पोस्टातून रिटायर झालेले, चर्चच्या पंचांमध्ये बसणारे. घरात लग्न असो, माती असो, शब्द त्यांचा. (आमच्याकडं अंत्यविधीला मातीच म्हणतात, जाळणारेही म्हणतात, पुरणारेही म्हणतात.) त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गेला म्हनू नको. शीरियस हाय म्हन."

मी म्हटलं, "काका, पण पप्पा तर गेलेत."

"ते मला दिसतंय. एवड्या लांब एकटी बाई हाय. गेला म्हनलीस आन् तिला इमानात काय झालं, तर कोन जबाबदार? शीरियस म्हनलं की मानूस धीर धरून येतं. पावनेतीन तासाचा तर परवास हाय. हितं आली की बघंल."

यात त्यांनी काही नवीन सांगितलं नव्हतं. आमच्याकडं लांबच्या माणसाला मेल्याची बातमी देतच नाहीत. सिरियस म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही रीत ठाऊक असते, तो एसटीत बसतानाच डोळे पुसायला लागतो. हिंदू असो की ख्रिस्ती, या बाबतीत सगळ्यांचा धर्म एक. समोरच्याला कळावं, पण आपल्या तोंडानं बोलायला लागू नये, अशी ती सोय आहे. आणि सोय म्हणून ती चांगलीच आहे, जोवर माणूस एसटीनं येतंय तोवर.

तिकडं साडेआठ वाजले असतील. आई ड्यूटीवर होती, तिला बोलावून आणलं. मी म्हटलं, "आई, पप्पा सिरियस आहेत. तू ये."

एकदम तिचा वॉर्डातला आवाज सुरू झाला. काय झालं, कधी झालं, छातीत दुखत होतं का, घाम आला होता का, ईसीजी काढला का. मी काकांकडं बघितलं. ते मान डोलवत होते, म्हणजे बोल, बोल. मी म्हटलं, काढला. ऑक्सिजन लावलाय? लावलाय. मग तिनं विचारलं, "बीपी किती आहे?"

हे काकांनी शिकवलेलं नव्हतं. पप्पा चार हातांवर, आतल्या खोलीत चटईवर होते, आत्या त्यांच्या हनुवटीला फडकं बांधत होती, आणि मी सतरा वर्षांची पोरगी त्यांचं बीपी शोधत होते. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं आठवलं. म्हटलं, "एकशे दहा-सत्तर."

"एकशे दहा-सत्तर," आई हळूच म्हणाली. "बरं. मी निघते. तू त्यांच्याजवळ थांब."

फोन बंद झाल्यावर काका मला म्हणाले, "शाबास पोरी." त्या दिवसापासून कोणी मला शाबास म्हटलं की मी तिथून उठून जाते.

माती गुरुवारी चार वाजता ठरली. गणित सोपं होतं. पावणेतीन तासांचं विमान, मुंबईहून गाडी सहा-सात तास, म्हणजे बाई उद्या दुपारच्या जेवणापर्यंत हजर. पाळकसाहेबांनीही हिशेब करून मान डोलावली. बर्फाच्या लाद्या आल्या. पप्पांचे विद्यार्थी आले, त्यांतले काही आता बाप झालेले. सगळे मला येऊन विचारायचे, आई कुठवर आली? मी सांगायचे, निघालीय. मला काय माहीत होतं? दुपारी हॉस्पिटलात फोन लावला तर तो लागलाच नाही. संध्याकाळी तिनंच केला. म्हणाली, पासपोर्ट द्यायला तिथल्या डॉक्टरांचं पत्र मागतायत, फॅक्स करायला सांग.

कसलं पत्र? कुठले डॉक्टर? मी फोन काकांकडं दिला. काका म्हणाले, "करतो, करतो, तू नीघ." आणि फोन ठेवून इकडं तिकडं बघायला लागले. मेलेल्या माणसाला सिरियस लिहून देणारा डॉक्टर नगर जिल्ह्यात शोधायचा कुठं? आणि मृत्यूचा दाखला पाठवला, तर सकाळचं खोटं उघडं पडतं. त्या वेळी काकांनी फोन करून सरळ सांगायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो, आणि काका कबर खणणाऱ्यांकडं लक्ष द्यायला म्हणून निघून गेले.

गुरुवारी चार वाजले, पाच वाजले. बर्फ संपला. लोक एकमेकांच्या कानाला लागायला लागले. ओट्यावर बसलेली एक म्हातारी, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पावनेतीन तासाचं तर इमान हाय. यायचंच नसंल." दुसरी म्हणाली, "तिकडची हवा लागली का मानूस आपलं ऱ्हात न्हाई बाई." काका चार पावलांवर उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं. "गप बसा, तिला आम्हीच खोटं सांगितलंय," एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते घसा साफ करून म्हणाले, "किती वेळ थांबायचं? दिवस मावळायच्या आत आटपायला हवं." पेटी उचलली. पहिली मूठ माती मी टाकली, आईच्या वाटची टाकायला कोणी नव्हतं.

मला त्या माणसाचा किती संताप आला होता, आणि अजून येतो, ते शब्दांत मांडायला गेले तर शिव्या होतील. उपकार करणाऱ्याच्या तोऱ्यात त्यानं माझ्या आईचा हक्क मारला आणि वर तिलाच गावाच्या तोंडी दिलं. पण त्यांना शिव्या घालताना माझं मन दरवेळी अडतं, कारण फोनवर आवाज माझा होता.

आई शनिवारी सकाळी आली. शनिवारी आमच्या रस्त्याला शिंगणापूरच्या गाड्यांची रांग लागते. मुंबईहून दर्शनाला निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीत तिला जागा मिळाली होती. त्यांनी तिला फाट्यावर सोडलं. ती पांढरी साडी नेसून, हातात एकच बॅग घेऊन चालत आली. मांडव निघाला होता, भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. दारात मी होते. तिनं मला विचारलं, "माती झाली?"

मला वाटलं, रस्त्यात कोणीतरी सांगितलं असणार. मी मान डोलावली. ती बॅग ठेवून तशीच कबरस्थानात गेली. आत्या मागून छत्री घेऊन धावली. तिथं ती रडली नाही म्हणून पुन्हा गावात चर्चा झाली. काय करावं या लोकांचं? आली नाही तरी बोलणार, आली तरी बोलणार, रडली नाही तरी बोलणार. आणि तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. एवढंही नाही, की बीपी कोणी मोजलं होतं. मी वाट बघत होते. दहा दिवसांनी ती परत गेली, पुढं सहा वर्षं तिथंच राहिली, आणि दर शुक्रवारी फोन करून माझी तब्येत विचारत राहिली.

आता ती कायमची आली आहे. आम्ही नगरमध्ये राहतो. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, रोज कंपनीच्या बसनं जाते-येते. दोघी एका घरात, एका स्वयंपाकघरात, आणि बोलणं म्हणजे भाजी काय आणू आणि गॅसचा नंबर लावला का. तिच्या मनात काय आहे हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मी तिच्यावर रागावलेले होते की ती माझ्यावर, हे सुद्धा आम्हाला दोघींना नक्की ठाऊक नव्हतं, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी मोठे काका गेले. आम्ही स्कूटीवर गावाला पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. काकांचा एकुलता एक मुलगा दिल्लीत नोकरीला. त्याला अजून कळवलेलं नव्हतं. कोणीतरी फोन लावून आत्यापुढं धरला आणि सांगितलं, "शीरियस हाय म्हना. लांबचा परवास हाय. दिल्लीवरनं पुन्याला इमानानं दोन तास, येईल बिचारा." आत्यानं फोन घेतला, तोंड उघडलं, आणि आईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"बाळा, मी काकी बोलते," ती म्हणाली. "तुझे पप्पा गेले. आज सकाळी सव्वासातला गेले. झोपेतच, त्रास झाला नाही. माती उद्या चार वाजता आहे, आणि तू आल्याशिवाय होणार नाही. ऑफिसात वडील गेले असंच सांग, रजा लगेच मिळेल. आता खाली बस, पाणी पी, मग नीघ."

ओट्यावर एक जण पुटपुटला, काय बाई हाय, दगडाचं काळीज. आईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. काकांचा मुलगा त्याच संध्याकाळी घरी पोचला. आदल्या दिवसापर्यंत मी काकांना माफ केलेलं नव्हतं, आजही केलेलं नाही, पण त्यांच्या पोरानं त्यांचा हात हातात घेतला तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

माती झाल्यावर आम्ही परत निघालो. आई मागं बसली होती. घोडेगावच्या पुढं रस्ता जरा मोकळा झाला आणि मी इतकी वर्षं गिळलेलं बोलले. समोर बघत बोलता येत होतं म्हणूनच बोलले असेन. म्हटलं, "आई, तेव्हा मी तुला खोटं सांगितलं. काकांनी सांगायला लावलं, पण बीपीचं मी मनानंच सांगितलं."

"माहितीये," ती म्हणाली. "सिरियस माणसाचं एवढं सुंदर बीपी कुठं असतं गं? मला फोनवरच कळलं, की ते गेले. विमानात बसायच्या आधी मी पांढरी साडी नेसले होते."

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. मागं वळून तिच्याकडं बघितलं. म्हटलं, "कळलं होतं तर मॅट्रनला सांगितलं का नाहीस? गेले म्हणाली असतीस तर त्याच दिवशी सोडलं असतं ना तुला?"

"सोडलं असतं. तोच नियम होता तिथं. तिनं मला तीनदा विचारलं. म्हणाली, नक्की काय ते सांग, वारले असतील तर आत्ता पासपोर्ट देते, दुपारचं विमान मिळेल. आजारी असतील तर पत्र आण, नाहीतर वरच्या साहेबांच्या सहीला दोन दिवस लागतील." आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी म्हटलं, जिवंत आहेत. ती म्हणाली, तुझा चेहरा तर तसं सांगत नाही. तेव्हा मी तिला म्हटलं, माझ्या मुलीनं सांगितलंय, आणि माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलत नाही."